कडूबाईच्या विहिरीवरचा नववा झेंडा

माझ्या शेळ्या तलाठ्याला चालण्यावरून ओळखायच्या आणि तो दिसला की आपसूक लंगडायला लागायच्या, हे मी बिडकीनच्या बाजारात शपथेवर सांगितलेलं आहे. एकदा माळावर एका लांडग्यानं माझ्याकडं बिडी मागितली होती. मी दिली, तर म्हणाला, काडी बी द्या. असल्या गोष्टींनी कुणाचं काही बिघडत नाही. ऐकणाऱ्याला हसू येतं, सांगणाऱ्याला चहा येतो, लांडग्यालाही काही तोशीस लागत नाही. तरी हल्ली गावातली माणसं मला म्हणतात, सायबराव, तुझ्या जिभेला हाड नाय. असतं तर बरं झालं असतं.

बिडकीनच्या पुढं, नव्या कारखान्यांच्या कुंपणापलीकडं, आमचा माळ आहे. चाळीस वर्षं मी तिथं शेळ्या चारल्या. माझं घर गावचे मोठे जमीनदार बद्रीनाथराव यांच्या टेकडीच्या पायथ्याला. सकाळी तिथून निघायचं, नाल्याच्या कडेकडेनं उगवतीकडं सरळ चालायचं, आणि माळ जिथं संपतो तिथं कडूबाईची विहीर. पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असायचं. शेळ्या लिंबाखाली टेकायच्या, मी भाकरीचं फडकं सोडायचो, आणि कडूबाई काही न विचारता ताकाचा तांब्या माझ्यापुढं आणून ठेवायची. ऊन कललं की आल्या वाटेनं परत.

अख्ख्या माळावर दुसरं पाणी नव्हतं. कडूबाईचा सासरा नागपूरला दीक्षा घेऊन आला आणि त्यानं पहिलं काम कुठलं केलं असेल तर ही विहीर खोदली. काठावरच्या दगडात निळ्या रंगानं साल लिहिलंय, दर जयंतीला त्यावर नवा हात फिरतो. आमच्या आळीतला माणूस त्या काळी त्या विहिरीचं पाणी पीत नसे. किंवा पीत असेल तर माझ्यासारखाच गप्प बसत असेल. मला कुणी विचारलं, दुपारी कुठं जेवतोस, तर मी सांगायचो, लिंबाखाली. लिंब खराच होता. त्यामुळं मी खोटं बोललो असं म्हणता येणार नाही.

मग माळावर गोल्फ आला.

कारखान्यांच्या मोठ्या साहेबांना बारका चेंडू लांब मारायला लागतो, त्याशिवाय त्यांना झोप येत नाही, असं इंद्रजीतनं मला समजावून सांगितलं. इंद्रजीत म्हणजे बद्रीनाथरावांचा मुलगा. शहरात औरंगपुऱ्यात त्याचं ऑफिस आहे, दारावर पाटी आहे, आत इतका गारवा की भर मे महिन्यात मी स्वेटर मागितला होता. कंपनीच्या वतीनं जमीन जमवायचं काम त्याच्याकडं. खेळ असा की माळावर अठरा भोकं करायची, प्रत्येकात एक झेंडा रोवायचा, आणि पहिल्यापासून अठराव्यापर्यंत चेंडू मारत मारत चालत जायचं. मी म्हटलं, हे तर माझंच काम. मी शेळ्या हाकतो, हे चेंडू हाकणार.

जमीन बहुतेक बद्रीनाथरावांचीच होती. क्लबहाऊस, म्हणजे खेळणाऱ्यांनी कपडे बदलायची, बसायची, खायची-प्यायची इमारत, टेकडीवर ठरली. पण पल्ला पुरा व्हायला पार टोकाची कडूबाईची चार एकर लागत होती, आणि कडूबाई देत नव्हती. दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा इंद्रजीत मला घेऊन गेला.

त्यानं विहिरीच्या काठावर पुण्याहून आलेला नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. टेकडीपासून झेंड्यांची रांग निघत होती. एक, दोन, तीन करत सरळ विहिरीपर्यंत. नववा झेंडा विहिरीशी. दहावा तिथून परतीला लागायचा आणि अठरावा टेकडीवर. तो म्हणाला, नऊ झेंडे झाले की अर्धा खेळ होतो, माणसं दमतात, भुका लागतात, तिथं जगभर चहापाण्याचा थांबा असतो. तो थांबा इथं येतो. तो कडूबाईनं आणि तिच्या सुनेनं चालवायचा. घर, विहीर आणि लिंब त्यांच्याकडंच राहील, बाकीची चार एकर कंपनीला.

सून म्हणजे दीपमाला. बी.कॉम. झालेली, आणि पहाटे पाचच्या बसनं कारखान्यात खोकी भरायला जाणारी. कडूबाईनं तिच्याकडं बघितलं, मग नकाशाकडं.

"लोकं हितंच थांबतील कशावरून?" तिनं विचारलं.

"मावशी, माळच संपतो की," इंद्रजीत म्हणाला. "हितनं पुढं जाणार कुठं?"

ती माझ्याकडं वळली. "सायबरावभाऊ, तुमी सांगा. थाप नको."

मी म्हणालो, "चाळीस वरसं मी हितंच थांबलो. ते बी थांबतील."

त्या एका वाक्यावर तिनं जमीन दिली. इंद्रजीतच्या नकाशावर नाही.

कागद झाला तेव्हा कुणी हलगर्जी केली नाही. दीपमालानं तो तीनदा मोठ्यानं वाचला. गट नंबर बरोबर, नावं बरोबर, विहीर सोडल्याचं बरोबर. त्यात लिहिलं होतं की विहिरीजवळ खेळाडूंचा मधला थांबा होईल, तो चालवण्याचा हक्क कडूबाई आणि दीपमाला यांचा. आमच्याकडची माणसं जमिनीच्या कागदात चतुःसीमा चार-चार वेळा वाचतात. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, नाला कुणाच्या बाजूला. पण खेळाचा मध्य कुठं पडतो आणि तो कोण ठरवतं, हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. मध्य म्हणजे मध्य, तो कशाला हलतोय, असं आम्ही धरून चाललो.

कडूबाईनं लगोलग शहरात शहागंजला जाऊन पत्र्याची पाटी रंगवून आणली. निळ्यावर पांढरी अक्षरं: ‘विहीर. चहा, ताक, थालीपीठ.’ उगाच नजर लागायला नको म्हणून नाही, पण धुळीनं रंग जायला नको म्हणून ती तिनं घरात भिंतीकडं तोंड करून ठेवली.

नंतर तो नकाशा काढणाऱ्या विशाखाबाई आल्या. पुण्याच्या. कुठला झेंडा कुठं आणि कुठून कुठं जायचं, ही सगळी वाट आखणं हे त्यांचं काम. डोक्यावर मोठी टोपी, गळ्यात दुर्बिणीसारखं अंतर मोजायचं यंत्र, आणि चालायला माझ्याही पुढं. माळाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस म्हणून मला त्यांच्या सोबत दिलं होतं. चार दिवस आम्ही हिंडलो. त्यांनी विचारावं, पावसात पाणी कुठं साचतं, वारा कुठून सुटतो, संध्याकाळी ऊन कुठं डोळ्यांवर येतं. मी सगळं खरं सांगितलं. चौथ्या दिवसापर्यंत खरं बोलून बोलून माझ्या तोंडाची चव गेली होती.

त्या दिवशी दुपारी टेकडीवर मांडव टाकून जेवण होतं. बद्रीनाथराव, इंद्रजीत, कंपनीची दोन माणसं, विशाखाबाई, मी. सगळ्यांच्या पानात पुरी पडली आणि बाईंनी विचारलं, "काका, तुम्ही शेळ्या घेऊन दिवसभर हिंडायचात. दुपारी जेवायला कुठं थांबायचात?"

नाव ओठांवर आलं होतं. समोर बद्रीनाथराव बसले होते. त्यांच्या वडलांनी एका गड्याला त्या विहिरीचं पाणी प्याला म्हणून वर्षभर घराची पायरी चढू दिली नव्हती. ते दिवस गेले. बद्रीनाथराव तसे नाहीत, जयंतीला वर्गणी देतात, मिरवणुकीपुढं हातही जोडतात. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं, ते पुरीचा घास मोडत होते. पण चाळीस वर्षं जे नाव गावात घेतलं नाही ते भरल्या पंगतीत निघेना. आणि नाव अडलं की माझ्या तोंडात थाप आयती तयार असते.

मी म्हणालो, मी कशाला थांबतोय, मला बेगम थांबू द्यायची का?

बेगम म्हणजे माझी म्होरकी शेळी. काळी कुळकुळीत, एक कान पांढरा. ती शहागंजच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाखाली जन्मली होती, त्यामुळं तिला वेळ कळायची. बरोबर साडेअकराला मान वर करायची, कळपाकडं बघून एकदाच ओरडायची, आणि सगळ्या शेळ्या घेऊन टेकडीकडं चालू लागायची. बाराच्या ठोक्याला माझ्या दारात. तिथं पाणी, तिथं सावली, तिथं माझी भाकरी. दोन वाजता पुन्हा ओरडायची, आणि आम्ही माळाच्या दुसऱ्या अंगाला जायचो. एका वर्षी शहागंजचं घड्याळ मागं पडलं, तर त्या वर्षी बेगम रोज वीस मिनिटं उशिरा यायला लागली. मी स्वतः जाऊन घड्याळवाल्याच्या हातापाया पडलो, तेव्हा कुठं मला वेळेवर जेवण मिळालं.

मांडव हसला. कंपनीच्या माणसाला ठसका लागला. बद्रीनाथराव म्हणाले, सायबरावांना अजून दोन गुलाबजाम वाढा. इंद्रजीत माझ्याकडं बघत होता, हसत नव्हता. विशाखाबाईही हसल्या नाहीत. त्यांनी वही काढली.

"म्हणजे सकाळी एक फेरा, दुपारी परत इथं, मग दुसरा फेरा?"

"व्हय. दोन फेरे. दोन्ही हितंच येऊन मिळत्यात."

"पण नाल्यापासून टेकडीवर यायला चढ अवघड नाही पडत?"

"बाभळीच्या बाजूनं या की. म्हातारी शेळी बी चढती."

बाभळीच्या बाजूनं मी चाळीस वर्षांत एकदाही चढलो नव्हतो. तिथं चढ आहे की उतार, हेही मला धड ठाऊक नव्हतं. गुलाबजाम मात्र चांगले होते.

तीन महिन्यांनी माळावर खुंट्या ठोकल्या गेल्या आणि प्रत्येक खुंटीला लाल झेंडी आणि आकडा लागला. त्याच आठवड्यात कडूबाई माझ्या दारात आली. चाळीस वर्षांत मी तिच्या दारात रोज गेलो होतो, ती माझ्या दारात पहिल्यांदा आली. आत ये म्हटलं तर आली नाही. अंगणातच उभी राहिली.

"नववा झेंडा कुठंय, भाऊ?"

मी म्हटलं, तुझ्या विहिरीपाशी.

"माझ्या दारात चौदावा हाय."

मजुरांनी आकडे उलटेपालटे लावले असतील, असं मी म्हणालो. ती म्हणाली, दोनदा मोजले, एकदा जाताना आणि एकदा येताना. मग आम्ही दोघं मोजायला निघालो. झेंडे टेकडीवरून निघाले, नाल्याच्या अलीकडं गोल फिरले, बाभळीच्या बाजूनं वर चढले, आणि नववा आला तो क्लबहाऊसच्या जोत्याला लागून. माझ्या घरापासून पन्नास पावलांवर. दहावा तिथूनच पुन्हा निघत होता. तो विहिरीला वळसा घालून अठराव्याला परत टेकडीवर. कडूबाईच्या दारावरून खेळ नुसता पुढं जाणार होता, कुणाच्या घरावरून बस जाते तसा.

ती फक्त म्हणाली, "तुमी शब्द दिला हुता."

मी दुसऱ्या दिवशी शहर गाठलं. वाटेत इंद्रजीतला काय काय बोलायचं त्याची उजळणी केली. तुला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तुझ्या बारशाला पेढे वाटत फिरलो, आणि तू एका बाईचा गळा कापलास, असं सगळं रांगेनं लावून ठेवलं. औरंगपुऱ्यात रिक्षातून उतरलो तेव्हा माझ्या कानांतून वाफ निघत होती. रिक्षावाल्यानं विचारलंसुद्धा, चचा, तबियत ठीक है ना.

इंद्रजीतनं मला बोलू दिलं. अर्धं झाल्यावर चहा सांगितला, उरलेलं ऐकून घेतलं, आणि कपाटातून नवा नकाशा काढला. टेकडी मधोमध, आणि तिच्या दोन बाजूंना दोन पाकळ्या. एका पाकळीत नऊ झेंडे, दुसरीत नऊ. कंपनीला हेच पाहिजे होतं, तो म्हणाला. स्वयंपाकघर एकच पुरतं, ज्याला अर्धाच खेळायचाय तो नवव्यावर थांबून घरी जातो, आणि सकाळी दोन्ही पाकळ्यांवरून एकदम माणसं सोडता येतात.

"मग आधीच तसं का नाही काढलं?"

"विशाखा मॅडम अडून बसल्या होत्या, आबा. म्हणायच्या, ही जमीन सरळ जा आणि सरळ ये म्हणतीय, मी तिला उगाच वाकवणार नाही. कंपनीनं दोन महिने डोकं फोडलं. ऐकेनात." त्यानं एक टाइप केलेलं पान माझ्यापुढं सरकवलं. "तुमचं ऐकलं."

चष्मा नव्हता, त्यानंच वाचून दाखवलं. माळावर चाळीस वर्षं शेळ्या चारणारे साहेबराव यांच्या सांगण्याप्रमाणं इथल्या कळपांची जुनी वाट दोन फेऱ्यांची असून दुपारी ती टेकडीवर परत येते. म्हणून दोन फेऱ्यांची आखणी जमिनीच्या स्वभावाला धरूनच आहे. खाली अजून एक ओळ होती. नवव्या होलचं नाव: बेगम.

मी म्हणालो, "अरे, ती थाप हुती."

"मला ठाऊक होतं की."

चहा आला. पोऱ्यानं कप ठेवला आणि गेला. इंद्रजीत कपातली साय बोटानं काढत होता.

"शाळेतून येताना मी रोज बघायचो तुम्हाला, आबा. तिच्या लिंबाखाली. तांब्या तोंडाला लावलेला."

"मग मांडवात बोलला का नाहीस?"

"तुम्ही नाही बोललात," तो म्हणाला. "मी कशाला बोलू?"

त्याच्यासाठी रांगेनं लावून ठेवलेलं सगळं फिरून माझ्यावरच आलं. चहा तसाच ठेवून उठलो.

परतीच्या बसमध्ये मी कडूबाईला सांगायला सहा गोष्टी तयार केल्या. एकीत विशाखाबाईंना कंपनीनं डांबून ठेवलं होतं. एकीत नकाशा उंदरानं खाल्ला होता. सहाही चांगल्या होत्या, कुठल्याही बाजारात चालल्या असत्या. बिडकीन आलं तेव्हा सहाही संपल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी विहिरीवर गेलो. कडूबाईनं नेहमीसारखा तांब्या आणून ठेवला. तो हातात न घेता मी तिला सगळं सांगितलं. मांडव, पंगत, बेगम, घड्याळ, गुलाबजाम. ती विहिरीच्या काठाला टेकून उभी राहिली, आणि ऐकून झाल्यावर म्हणाली, "त्या गोष्टीत मी कुठं हुते?"

"नव्हतीस."

"ताक?"

"ते बी नव्हतं."

"आन् ही?" तिनं विहिरीच्या दगडावर हात ठेवला.

"शेळ्या टेकडीवर पाणी प्यायच्या म्हणालो."

"टेकडीवर पाणी कुठंय, सायबराव?"

आजवर ती मला भाऊ म्हणाल्याशिवाय बोलली नव्हती. मी खाली बघितलं. तिनं तांब्या उचलला, काठोकाठ भरलेला होता, आणि एक थेंब न सांडता आत घेऊन गेली.

मग मी विशाखाबाईंना गाठलं. त्या बाभळीपाशी खोदकाम बघत उभ्या होत्या. मी म्हटलं, बाई, ती शेळी परत येत नव्हती. कुठलीच शेळी परत येत नव्हती. आमची वाट सरळ होती, तुमच्या पहिल्या नकाशासारखी, आणि दुपार विहिरीवर व्हायची. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला.

"पण काका, मी या बाजूनं स्वतः चढून पाहिलं. चढ खरंच सोपा आहे. जमीन अगदी तुम्ही म्हणालात तशीच आहे."

थाप मी मारली आणि जमिनीनं ती खरी करून दाखवली. इतकी बेइमान जमीन मी दुसरी बघितली नाही. पाण्याचे पाइप पुरून झाले होते, जोतं वर आलं होतं, आता काही हलणार नव्हतं. बाईंनी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मी म्हणालो, समोर बद्रीनाथराव हुते. पुण्याच्या बाईला ते काय कळणार, असं मला वाटलं होतं. पण त्या बराच वेळ वहीच्या कोऱ्या पानाकडं बघत राहिल्या, आणि मग वही मिटून टाकली. त्यांच्या हातात होतं तेवढं त्यांनी केलं. चौदाव्या झेंड्यापाशी गार पाण्याची टाकी बसवली. म्हणजे आता खेळणाऱ्याला कडूबाईकडं पाणी मागायचंही कारण उरलं नाही. कागद दीपमालानं एका वकिलाला दाखवला. तो म्हणाला, कागद पक्का आहे, विहिरीजवळ मधला थांबा झाला की हक्क तुमचाच. फक्त तो आता होणार नाही.

गेल्या हिवाळ्यात उद्घाटन झालं. नवव्या झेंड्यावर काळ्या शेळीचं चित्र होतं, एक कान पांढरा. क्लबहाऊसच्या भिंतीवर बेगमची गोष्ट काचेत लावली होती, घड्याळासकट. जमीन देणाऱ्यांना शाल-श्रीफळ होतं. कडूबाई पांढऱ्या साडीत येऊन दुसऱ्या रांगेत बसली, शेजारी दीपमाला. इंद्रजीतनं माइक माझ्या हातात दिला आणि म्हणाला, आबा, बेगमची गोष्ट होऊन जाऊ द्या.

मी त्या दिवशी खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. कधी केलं नव्हतं, म्हणून घरी सराव केला होता.

मी सांगितलं की बेगम दुपारी कधीच परत आली नाही. लोक हसले. सांगितलं की तिला घड्याळातलं काही कळत नव्हतं, ती साधी, जरा मंदच शेळी होती. लोक आणखी हसले. मागून कुणीतरी म्हणालं, काय रंगवतोय म्हातारा. मी हात वर करून सांगितलं की ही जी कडूबाई बसलीय, हिच्या विहिरीचं पाणी मी चाळीस वर्षं प्यालो, हिचं ताक प्यालो, आणि गावात कुणाला बोललो नाही, कारण मला लाज वाटत होती. पाण्याची नाही, तुमची. म्हणून शेळी आणली. तेव्हा तर टाळ्या पडल्या. कंपनीचे मोठे साहेब इंग्रजीत शेजारच्याला काहीतरी सांगून डोळे पुसत होते. बद्रीनाथराव हसायचे थांबले होते, पण तेही क्षणभरच, कारण आजूबाजूला सगळे हसत होते.

दुसऱ्या रांगेत दोघी हसत नव्हत्या. कडूबाईचं नाव पुकारलं तेव्हा ती उठली आणि मंचाकडं न येता बाजूच्या वाटेनं दाराकडं चालू लागली. मी माइक टाकून मागं धावलो. पायरीवर तिला गाठलं.

"सांगितलं म्या, कडूबाई. सगळ्यांसमोर."

"ऐकलं," ती म्हणाली. "ज्या दिवशी चार माणसं खरं धरत हुती, त्या दिवशी शेळी सांगितली. आज कुणीच धरत नाय, तर माझं नाव घेतलं."

ती उतरून गेली. दीपमाला थांबली होती. पण तिला पहाटे पाचची बस होती. तीही गेली.

आता माळाला जाळीचं कुंपण आहे. विहिरीकडं जायची माझी वाट त्याच्या आत गेली. सडकेनं फिरून जायचं तर पाच किलोमीटर पडतं, आणि जाऊन बसायचं कुठं. माझ्या चार शेळ्या उरल्यात. त्यांना नाल्याच्या अलीकडचा तुकडा तेवढा मोकळा आहे. साडेअकरापर्यंत तो फिरून संपतो, मग त्या मान वर करतात आणि टेकडीकडं चालू लागतात. बाराच्या ठोक्याला माझ्या दारात. क्लबहाऊसच्या मागं नळ आहे, तिथं त्यांना पाणी मिळतं. मीही तिथूनच बाटली भरून आणतो. येणारे-जाणारे साहेब मोबाइलवर त्यांचे फोटो काढतात आणि विचारतात, यातली बेगम कुठली.

चौदाव्या झेंड्यावर खेळणाऱ्यांचे चेंडू फार भरकटतात म्हणे. सुरुवातीला आठ-दहा विहिरीत पडले. मग कडूबाईनं शहागंजहून आणलेली ती पत्र्याची पाटी घरातून बाहेर काढली आणि विहिरीच्या तोंडावर टाकली, अक्षरं वरच्या अंगाला. आता चेंडू पाटीवर पडतो आणि उडून जातो. ताकाच्या जागी एक पोचा आलाय, थालीपीठाच्या जागी दोन, असं मला एका माळ्यानं सांगितलं.

दुपारी वारा पडला की मी दारात भाकरी घेऊन बसतो. शेळ्या सावलीत टेकलेल्या असतात. लांबून पत्रा वाजतो, आणि चारही शेळ्या कान टवकारून उगवतीकडं बघतात. मी गावात हे एकदा बोललो. म्हणाले, सायबराव, दोन मैलांवरून कसा ऐकू येईल.